तुही दुनळी म्या अडवली

सुखा, तुह्याशी शाळेतल्या मराठीत बोललो तर तू राखेतून उठून बसशीन अन् म्हणशीन, "काहो मास्तर, आज साहेब येनार हायेत काय शाळेत?" म्हणून आपल्या बोलीतच लिवतो. जन्मभर पोराईच्या वह्या तपासल्या, पण तुह्यापुढं माहं व्याकरण कधी चाललं नाही.

काल तुही तेरवी झाली. पंगती उठल्या, लोकं मांडवात सुपारी कातरत बसले, अन् मंगेश उभा राह्यला. पुण्याहून आल्यापासून तुहं पोरगं धड बोललं नव्हतं. काल बोललं. "बाबाची एकच इच्छा राह्यली. दुनळी बंदूक. ती मी घेनार, माह्या नावावर. अन् पावनेदोन वर्ष कोनं अडवून ठेवली तेई पाहतो. लायसनच्या फाईलीच्या नकला मांगतल्या मी, सोमवारी भेटतीन." मग माह्याकडं वळला. "काका, तुमी चला संग. बाबाले वाशिमले कचेरीत तुमीच न्यायचे ना?"

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणू?

त्या फाईलीत माहं बयान आहे, सुखा. खाली माही सही आहे, पोराईच्या दाखल्यावर करायचो तशी, पूर्ण नावाची. टेबलावरच्या बाबूनं नाही, साहेबानं नाही. तुही दुनळी म्या अडवली.

आज शुक्रवार. मधात दोन दिवस आहेत. सोमवारी मंगेश कागद उलटवंन अन् तिसऱ्या का चौथ्या पानावर बापाच्या दोस्ताचं नाव वाचंन. त्याच्या आधी त्याले सांगा लागते. अन् त्याच्याही आधी तुले. तुले सांगाले पावणेदोन वर्ष होते माह्यापाशी, तवा तोंड उघडलं नाही. आता तू उलटून बोलू शकत नाही, तर बसलो वही घेऊन. भेकड म्हण मले. म्हणच.

तुहा बंदुकाईचा नाद साऱ्या गावाले ठाऊक. लोकं बाजारात बैलजोड्या पाहाले जात, तू अकोल्याच्या दुकानात बंदुका पाहाले जाय. घ्यायची ऐपत नसली तरी हातात घेऊन पाहे, खांद्याले लावे, घोड्याचा खटका कानाशी धरून ऐके अन् घरी येऊन आठ दिवस त्याच गोष्टी करे. घरी दोनच होत्या. एक तुह्या आज्याची ठासणीची भरमार, अन् दुसरी डुकराईसाठी घेतलेली एकनळी. दसऱ्याले पाटावर दोघी मांडे, झेंडू वाहे, अन् बाजूले थोडी जागा सोडून तिथं एक सुपारी ठेवे. वयनी विचारे, "हे कोनाची?"

"येनारीची."

"सवत आना एखादी," वयनी म्हणे, "ते परवडंन."

निवडणूक लागली की दोन्ही बंदुका ठाण्यात जमा करा लागत. मग तू घरात असा फिरे, जशी पोरगी नुकतीच सासरी धाडली. दर आठवड्याले तेलाची शिशी अन् चिंधी घेऊन ठाण्यात हजर. "साहेब, जरा पुसू द्या, गंज चढते." शेवटी हवालदारच म्हणला, "सुखदेवभाऊ, तुमीई जमा होऊन जा इथं."

घरात दोनाच्या वर ठेवता येत नाही, कायदाच आहे. म्हणजे दुनळी घ्यायची तर एक सोडा लागे. तिथं आपलं भांडण. मी म्हणायचो, भरमार सोड, ती काही उडत नाही अन् फुटत नाही. तू म्हणे, "आज्याले घराबाहेर काढू काय?" बरं, एकनळी सोड. "अन् दुनळी येईलोक डुकराईले भजन म्हनून दाखवू?" असे दोन दोन घंटे. एकदा तर आपण मेडशीच्या स्टँडवर भांडत बसलो अन् बस निघून गेली, ते कंडक्टरनं हाका मारल्या तरी आपल्याले ऐकू आलं नाही. आता कोणासंग भांडू, सांग बरं? माह्यासारख्या मास्तराले भांडून घेणारा माणूस सहजी भेटत नाही.

ते संध्याकाळ सांगतो आता. तुले वाटते तुले ठाऊक आहे. तुले काहीच ठाऊक नाही.

तूर शेंगावर आली होती. आपण तुह्या वावराच्या धुऱ्यावर बसलो होतो. दिवस बुडाला होता, उजेड होता अजून. दोन दिवसापासून डुकरं तूर लोळवून राह्यले होते अन् परवानगीचा कागद तुह्या खिशात होता. पलीकडं तूर हलली. "आलं," तू हळूच म्हणला अन् एकनळी खांद्याले लावली.

मी पाह्यलं. तुरीच्या फांद्यातून मले हिरवं लुगडं दिसलं. साफ दिसलं, सुखा. वयनी होती. वाकून शेंगा तोडत होती. घरून दुसऱ्या वाटेनं आली असंन, आपल्याले पत्ताच नाही. तू नेम धरून राह्यला होता, तुह्या बायकोवर. माह्या तोंडातून आवाज निघंना. मी नळीले खालून हात मारला अन् बार आभाळात गेला.

तू असा उखडला माह्यावर! "मास्तर! हातातलं डुक्कर घालवलं बे!" मी म्हटलं, खोकला आला, हात लागला. तू तुरीत जाऊन पाहातो म्हणला तर तुह्या धोतराचा सोगा धरून बसलो, म्हटलं लागलं असंन त्याले तर अंगावर येईन. तू हसत होता की मास्तर डुकराले भेला.

दुसऱ्या दिवशी वयनी माह्या घरी आली. बार अन् तुहा आवाज ऐकून ती तिथंच तुरीत बसून राह्यली होती, अन् मग आपण गेल्यावर ओढ्याच्या वाटेनं घरी गेली. तुले चहा करून देला. तू तिलेच सांगतलं, मास्तरनं डुक्कर घालवलं म्हणून. "भावजी, त्याईले सांगू नका," तिनं हात जोडले माह्यापुढं. "बंदूक सोडतीन, ते सोडू द्या. पन जेवनई सोडतीन ते. मले पाह्यलं की रोज तेच दिसंन त्याईले." म्या शब्द देला.

मग तू गावभर फिरवलं मले. पारावर, स्टँडवर, माह्या लेकीच्या सासरी केनवडले, भर पंगतीत. "या मास्तरनं सोन्यासारखं डुक्कर घालवलं!" जावई हसे, व्याही हसे, मीही हसो. मनात म्हणायचो, हसून घे लेका, तू हसू शकते म्हणूनच मी गप्प आहे. पण खरं सांगू? कधी कधी असा राग ये, की भर सभेत ओरडावं, डुक्कर नव्हतं ते, आंधळ्या!

पंधरा दिवसानं जमादार आले. तुहा दुनळीचा अर्ज वाशिमहून ठाण्यात आला होता अन् शेजाऱ्याचं बयान पाह्यजे होतं. त्याईनं घरूनच लिहून आणलं होतं, हरकत नाही म्हणून. "सही करा गुरुजी, चहा घेतो अन् निंघतो." पेन माह्या हातात. ओसरीतून तुहं घर दिसत होतं, वयनी दारात तांदूळ निवडून राह्यली होती.

मी म्हटलं, "हरकत आहे."

जमादारानं बशी खाली ठेवली. म्या सांगतलं की तुही नजर कमी झाली आहे, दिवस बुडता माणूस ओळखू येत नाही. वयनीचं नाव घेतलं नाही. "तुमचे तर जिगरी दोस्त ना ते?" म्हणे. "म्हणूनच लिवा," मी म्हटलं, "अन् त्याले सांगू नका." नाही सांगतलं त्याईनं. भला माणूस.

मले वाटलं होतं, एकनळीही नेतीन. पण तिचं कोणी विचारलंच नाही. नव्या बंदुकीच्या अर्जावर शेरा बसला अन् जुनी तुह्या खांद्यावर तशीच. मग मीच तुह्यासंग रोज धुऱ्यावर यायले लागलो. पावसात, थंडीत, ताप असला तरी. तुले वाटलं मास्तरले म्हातारपणी रखवालीचा शौक लागला. तुले थापही मारली, की आता नवा नियम आहे, नवी परवानगी येईलोक बार हवेतच काढा लागते. पेपरात वाचलं म्हटलं. तू मानलं. मी वाचलं म्हटलं की तू सारं मानत होता, हे माह्यासाठी लय सोपं होतं.

अन् वाशिमच्या चकरा! दर पंधरवड्याले तुले माह्या गाडीवर बसवून न्यायचो. पाठ दुखते म्हणून तू मागं बसे. तू त्या टेबलासमोर उभा राहे, बाबू म्हणे, "वरून उत्तर आलं नाही." येतानी तू साऱ्या रस्त्यानं त्याच्या खानदानाचा उद्धार करे. तो बिचारा निर्दोष. मी पुढं बसून हाव हाव म्हणायचो. तुह्याशी खोटं कायले बोलू आता, थोडं बरंही वाटे मले. डुक्कर घालवलं म्हणते ना, घे आता. असं वाटे, अन् लगेच माहीच मले लाज वाटे.

तू तवाही दुनळ्या पाहातच होता. परवानगी आज येईन, उद्या येईन, बंदूक तर ठरवून ठेवू. बजेट ठरलेलं, त्याच्यावर एक रुपया नाही, वयनीची शपथ घेतली होती. अकोल्याच्या त्या दुकानात तीन दुनळ्या आपल्या पाह्यण्यात आल्या. कोरी होती तिचा भाव ऐकून तूच परत ठेवली. दुसरी जुनी, विलायती, दस्त्यावर पानाफुलाची नक्षी. तिसरी साधी, देशी, दस्ता एका जागी चिरलेला अन् पितळेची पट्टी मारलेली, पण खटका कसा पक्का! तुहा जीव नक्षीवालीवर. तू तिची नळी वाकवून उघडली, दाराच्या उजेडाकडं धरून आतून पाह्यली अन् म्हणला, "आरसा हाय आरसा!" मंग माह्याकडं देली. आतून सारे खड्डे होते, सुखा. गंजानं खाल्लेली. दुकानदारानं माह्याकडं पाह्यलं, म्या त्याच्याकडं. मी म्हटलं, पट्टीवाली घे.

"तुले काय समजते बे बंदुकीतलं? तुनं जन्मभर खडू धरला!"

"खडू धरला पण डोळे उघडे ठेवून धरला."

असं म्हणून बसलो. तू चमकला. लगेच मी बात फिरवली, पट्टीवाली स्वस्तही पडते म्हटलं. तू रागानं दुकानाबाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तू धुऱ्यावर एकटाच गेला, मीही रागात घरीच. पावणेदोन वर्षात पहिली संध्याकाळ चुकली. अशा पाच गेल्या. सहाव्या दिवशी तू एकटा तुह्या गाडीवर अकोल्याले गेला, नक्षीवाली कोणाले देऊ नका म्हणून दुकानदाराले सांगाले. येतानी दिवस बुडाला. मेडशीच्या अलीकडं सोयाबीनची ट्रॉली रस्त्याच्या कडेले उभी होती, तिच्यावर तुही गाडी गेली. मागं दिवा नव्हता. सारे तेच म्हणतात, मागं दिवा नव्हता. मीही आल्यागेल्याले तेच सांगतलं.

माही बायको गेली तवा तू तीन महिने माह्या ओसरीत खाट टाकून झोपला होता. मी जेवत नव्हतो तर ताट समोर घेऊन बसे अन् म्हणे, "मास्तर, तू नाई जेवला तर मीई नाई, अन् मले भूक लय लागते, पाह्य बावा." मी जेवलो. मी जगलो ते तुह्या भुकेवर. हे तुले कधी म्हटलं नाही. आपल्यात असं कोणी म्हणत नाही. आता म्हणतो, तर ऐकाले कोण आहे?

एवढं परवा लिवलं होतं. आज रविवार. सांगून आलो.

सकाळीच गेलो. मंगेश ओसरीत बंदुका कपड्यात गुंडाळून राह्यला होता, उद्या ठाण्यात जमा करा लागतीन म्हणून. वयनी आत चुलीपाशी. मी बसलो नाही, उभ्यानंच म्हटलं, "मंगेश, उद्या फाईलीत माहं नाव भेटंन तुले. तुह्या बाबाची दुनळी म्या अडवली. जमादाराले बयान देलं म्या."

"तुमी?"

"म्या. त्याची नजर गेली होती. माणूस दिसत नव्हता त्याले."

"अन् तुमीच गाडीवर बसवून नेत होते बाबाले? तिथं? त्याच टेबलापुढं?" तो उठला. त्याच्या हातात भरमारीचा कपडा होता, तो त्यानं फेकला. मी मनात म्हटलं, मार बावा. माराचीच तयारी करून आलो होतो मी. पूर्ण गोष्ट सांगायची नाही एवढंच ठरवलं होतं, वयनीले मधात आणायचं नाही. पण वयनी दारात येऊन उभी राह्यली होती.

"तुरीत मीच होती, मंगेश," ती म्हणली. "तुह्या बाबानं माह्यावर नेम धरला होता. भावजीनं हात मारला नसता तर माही तेरवी झाली असती, तेई दोन वर्षाआधी." तिनं सारं सांगतलं. एका दमात, भाजी कशी केली ते सांगावं तसं. बयानाचं तिलेही ठाऊक नव्हतं. ते ऐकून तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हलवली, बरं केलं म्हणून.

मले वाटलं, सुटलो. तुह्यापुढं लपवत नाही, खरंच वाटलं, छातीवरून धोंडा उतरला. वयनी माह्या बाजूनं होती. मंगेश खाली बसला होता डोकं धरून. आता तो म्हणंन, काका, तुमी आमच्या आईले वाचवलं. तेच ऐकाले मी उभा होतो तिथं.

त्यानं डोकं वर केलं. आवाज चढवला नाही त्यानं. "आई, तुले ठाऊक होतं. काका, तुमाले ठाऊक होतं. ठाण्यातल्या जमादारालेई ठाऊक होतं. बाबाले दिसत नाई, हे साऱ्याईले ठाऊक."

"हाव," मी म्हटलं.

"मंग डोळ्याच्या डॉक्टरकडं काहून नाई नेलं कोनी?"

वयनी तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मोतीबिंदू असंन, काका. एका दिवसाचं काम राह्यते ते. मले फोन केला असता तर मी येऊन नेलं असतं." मग तो ट्रॉलीचं काही म्हणला नाही. म्हणाले पाह्यजे होतं त्यानं. त्यानं फक्त कपडा उचलला, झटकला अन् परत आज्याची बंदूक गुंडाळू लागला. दुनळी नको आता, एवढं म्हणला.

सुखा, म्या तुह्या बंदुकीचा विचार केला, कायद्याचा केला, वयनीचा केला, तुह्या अभिमानाचाही केला. रोज संध्याकाळी तुह्या नळीवर नजर ठेवून बसलो. तुले दिसत नाही हे म्या पोलिसाले सांगतलं. तुले नाही सांगतलं. डोळे दाखव म्हटलं असतं तर तू विचारलं असतं, काहून बे, काय झालं? अन् मग तुरीची गोष्ट निघाली असती. ते निघू नये म्हणून मी सारं केलं.

मंगेशले एक गोष्ट सांगतली नाही. तुलेच सांगतो, अन् तुले तर ठाऊकच आहे. वाशिमच्या नाक्यावर आपण चहाले थांबलो होतो, भर दुपारची गोष्ट. समोर भल्ला मोठा फलक लागला होता. तू डोळे बारीक केले. "मास्तर, काय लिवलं बे ते?" मी वाचून दाखवलं : मोतीबिंदू तपासणी शिबिर, मोफत. तू माह्याकडं पाह्यलं. लय येळ पाह्यलं. अन् म्हणला, "म्हाताऱ्याईचं काम हाय ना ते?" हसून नाही म्हणला तू. विचारून राह्यला होता. कप हातात धरून तू वाट पाहात होता, मी काय म्हणतो त्याची.

मी म्हटलं, "हाव, म्हाताऱ्याईचंच," अन् गाडीले किक मारली.